चांगलें विरजण आणि वाईट विरजण

आज ज्या शास्त्राविषयीं मला बोलावयाचें आहे त्याचें नांव सूक्ष्मजंतुशास्त्र. नांव जरा भारदस्त आहे. तें कानांवर पडतांच पांढरे डगले, कांचेच्या नळ्या आणि रोगांचीं भयंकर नांवें डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि सामान्य गृहस्थाला वाटतें कीं, हा विषय डॉक्टरांचा. आपणांला त्याच्याशीं काय कर्तव्य आहे? हा समज किती चुकीचा आहे हें मला एका खेड्यांतील वृद्ध बाईंनीं दोन वाक्यांत पटवून दिलें. तेव्हां आरंभीं तोच प्रसंग सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर येथें जाण्याचा योग आला. पूर्णा नदीवरील धरणामुळें हें नांव आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. वरच्या अंगाला येलदरी आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर, अशीं हीं पूर्णेवरचीं दोन धरणें १९६८ सालीं पुरीं झालीं. मी ज्यांच्या घरीं उतरलों होतों त्यांच्या घराजवळच एक विहीर आहे. पहिला जोराचा पाऊस होऊन गेला होता आणि ग्रामपंचायतीचा माणूस विहिरींत औषध टाकण्याच्या तयारींत होता. बादलींत पांढरी पूड कालवीत तो बसला होता. घरच्या आजी ओट्यावरून तें पाहत होत्या. त्या मला म्हणाल्या, "काचेवानी पाणी हाय की लेकरा. त्यात ही पावडर कशाला टाकायलेत? उगंच वास मारतंय."

मीं शास्त्रीय उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पाण्यांत अतिसूक्ष्म जंतु असतात, ते डोळ्यांना दिसत नाहींत, इत्यादि सांगितलें. आजींच्या मुद्रेवर कांहीं पालट झाला नाहीं. त्या सुमारास त्या रात्रीच्या दुधाला विरजण लावीत होत्या. तें पाहून मीं विचारलें, "आजी, या विरजणांत दुधाचं दहीं करणारं जें काय आहे, तें तुम्हांला दिसतं का?" त्या म्हणाल्या, "दिसंल कसं? पर सकाळला दहीं लागतंय की." मीं म्हटलें, "तसंच या पाण्याचं आहे. दिसत नाहीं, पण सकाळीं लेकराला जुलाब लागतात." आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे वंगाळ विरजण म्हना की!"

श्रोतेहो, या शास्त्राची याहून सोपी व्याख्या मला अद्याप सांपडलेली नाहीं. जगांत चांगलें विरजण आहे आणि वाईट विरजण आहे. दोन्हीं डोळ्यांना दिसत नाहींत, दोन्हीं एकाच नियमानें वाढतात, आणि दोहोंच्या बाबतींत माणसाच्या हातीं एकच साधन आहे. तें म्हणजे हाताची शिस्त. आजचें माझें सांगणें एवढेंच आहे. पुढें जीं उदाहरणें देणार आहें तीं याचाच विस्तार समजा.

प्रथम विरजणाचा नियम पाहूं. हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं लेव्हेनहुक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याचे थेंब पाहण्याचा त्याला नाद होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें या सृष्टींत हालचाल करणारे चिमुकले जीव प्रथम पाहिले. पण ते जीव करतात तरी काय, याचा उलगडा व्हावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. १८५७ सालीं फ्रान्सांत लुई पाश्चर यानें दाखविलें कीं, दूध आंबतें तें आपोआप नव्हे. साखरेचें आम्ल करणारे सजीव जंतु त्यांत वाढतात म्हणून. आपल्या दह्यांतहि हेंच घडतें. दुधांतील साखर खाऊन हे जंतु आम्ल तयार करतात, त्या आम्लानें दूध थिजतें, आणि त्याच आम्लामुळें नासविणाऱ्या इतर जंतूंना तेथें थारा मिळेनासा होतो. म्हणून दूध दुसऱ्या दिवशीं नासतें, पण दहीं टिकतें.

या वाढीचा वेग विलक्षण आहे. एका जंतूचे अर्ध्या तासांत दोन झाले असें धरा. दोनांचे चार, चारांचे आठ, असें चालतां चालतां दहा तासांत वीस वेळां दुप्पट होते आणि एकाचे दहा लाखांवर होतात. निजतांना चमचाभर विरजण लावावें आणि उठतां उठतां भांडेंभर दहीं तयार असावें, यांतलें गणित हें आहे. याला तीन गोष्टी मात्र लागतात: योग्य बीज, योग्य अन्न आणि योग्य ऊब. दूध कढत असतां विरजण लावलें तर बीज मरतें. हिवाळ्यांत भांडें गार जागीं ठेवलें तर बीज निजून राहतें. हें कोणत्याहि गृहिणीला शिकवावें लागत नाहीं. ती विरजणाचें भांडें घासून, सुकवून, झांकून ठेवते. प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञ याहून निराळें कांहीं करीत नाहीं. तो तेंच अधिक काटेकोरपणानें करतो, इतकेंच.

आतां वाईट विरजणाकडे वळूं. पटकीच्या रोगानें आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या गांवेंचीं गांवें ओस पाडलीं. कोणी त्याला देवीचा कोप म्हटलें, कोणी दूषित हवेला दोष दिला. १८८३ सालच्या अखेरीस रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यास येऊन पोंचला. रोग्यांच्या आंतड्यांत त्याला स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु सांपडला; आणि पुढच्या वर्षीं, ज्या तळ्याच्या कांठचे लोक पटकीनें आजारी पडत होते त्या तळ्याच्या पाण्यांतहि तोच जंतु आढळला. लोक तेथेंच न्हात, तेथेंच कपडे धूत आणि तेंच पाणी पीत. म्हणजे रोग्याच्या अंगांतून निघालेलें बीज पाण्यांत पडत होतें आणि पाण्यांतून निरोगी माणसाच्या पोटांत जात होतें. विरजण एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत जावें तसाच हा प्रकार.

सिद्धेश्वरच्या जलाशयावर उभें राहिलें म्हणजे पाणी मोठें मनोहर दिसतें. हिंगोली शहराला याच जलाशयाचें पाणी जातें, आणि याच्या कालव्यांवर दूरवरची शेती पिकते. परंतु पावसाळ्यांत चहूंकडचे ओढे नाले शेतांतलें, रस्त्यांतलें आणि उकिरड्यांवरचें सारें कांहीं घेऊन नदीला मिळतात. म्हणून कोणत्याहि शहराला असें पाणी पुरवितांना आधीं तुरटीनें गाळ खालीं बसवावा लागतो, मग तें वाळूच्या थरांतून गाळावें लागतें, आणि शेवटीं त्यांत क्लोरीन मिसळावें लागतें. यांपैकीं पहिल्या दोन क्रियांनीं पाणी काचेसारखें होतें. पण तें निर्धोक होतें तें तिसऱ्या क्रियेनें. आजींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. स्वच्छ दिसणें आणि निर्धोक असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपला डोळा फक्त पहिलीची साक्ष देऊं शकतो.

विहिरींत टाकण्याची ती पांढरी पूड म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिचा गुण यावयास निदान अर्धा तास लागतो, म्हणून औषध टाकल्याबरोबर पाणी उपसूं नये. अर्ध्या तासानंतरहि थोडें क्लोरीन शिल्लक असावें लागतें, कारण पाणी घागरींत, हंड्यांत, पिंपांत गेल्यावर पुन्हां कोणाचा तरी हात त्यांत बुडावयाचा असतो. ही शिल्लक पाहण्यासाठीं ओ. टी. नांवाच्या द्रावणाचे थेंब पाण्यांत टाकतात. पाणी पिवळसर झालें तर शिल्लक आहे असें समजावें. त्या दिवशीं हीच परीक्षा मीं आजींना दाखविली. पाण्यावर पिवळी छटा येतांच त्यांना मोठें नवल वाटलें. वासाची तक्रार मात्र त्यांनीं सोडली नाहीं, आणि ती खोटी नव्हती. पाणी कांहीं वेळ झांकून ठेवलें तर तो वास बराचसा उणावतो.

पाण्याच्या जंतूंपासून प्लेगच्या जंतूकडे आलों म्हणजे आपण मुंबईस येतों. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनीं प्लेगचा रोगी ओळखला. त्यापुढील वर्षें महाराष्ट्र कधीं विसरला नाहीं. माणसें घरेंदारें सोडून माळावर राहूं लागलीं. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां त्याच रोगाला बळी पडल्या. ती तारीख १० मार्च १८९७. रोगाहून रोगाच्या बंदोबस्ताचाच जांच लोकांना असह्य झाला, हाहि इतिहास आपणांस ठाऊक आहे.

अशा वेळीं वाल्डेमार हाफकिन नांवाचे शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले. त्यांचा जन्म ओडेसा शहरचा, शिक्षण पाश्चरच्या परंपरेंतलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेल्या अपुऱ्या जागेंत त्यांनीं काम सुरू केलें. प्लेगचे जंतु वाढवून, मारून, त्यांची लस करावयाची होती. त्यांनीं बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला आणि त्यावर तूप तरंगत ठेवलें. त्या तुपाच्या थेंबांना धरून प्लेगचे जंतु खालीं वाढूं लागले, जणूं वडाच्या पारंब्याच! भांडें हालविलें कीं पारंब्या गळून पडत आणि पुन्हां नव्या फुटत. प्लेगच्या जंतूची ही खूणच त्यांना मिळाली. पुरेशी वाढ झाल्यावर उष्णतेनें जंतु मारून लस तयार करीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. ताप आला, दुखलें, पण दुसरा अपाय झाला नाहीं. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत साथ शिरली. स्वखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांना लस टोंचण्यांत आली, आणि न टोंचलेल्यांपेक्षां त्यांच्यांत रोग पुष्कळच कमी आढळला. १८९९ सालीं ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. १९२५ सालापासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

हें यश सांगून मला थांबतां आलें असतें. परंतु या कथेचा दुसरा भाग सांगितल्यावांचून पहिल्याचें मर्म कळणार नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं, जें आज पाकिस्तानांत आहे, एकशें सात लोकांना मुंबईची लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकोणीस जण धनुर्वातानें मेले. ते एकोणीसहि एकाच बाटलींतून टोंचलेले होते. चौकशी बसली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. पुढें साक्षीपुरावा बारकाईनें पाहतां निराळीच हकीकत उघड झाली. त्या दिवशीं बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीज मातींत असतें हें सर्वांना ठाऊकच आहे. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ यांनीं १९०७ च्या जुलैमध्यें लंडनच्या 'टाइम्स'मध्यें पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि अखेर त्यांच्यावरचा कलंक धुऊन निघाला. ते पुन्हां हिंदुस्थानांत आले खरे, पण पूर्वीचा अधिकार त्यांना परत मिळाला नाहीं.

एक चिमटा, क्षणभर जमिनीला लागलेला. त्यापायीं एकोणीस माणसें गेलीं आणि एका थोर संशोधकाचीं पांच वर्षें अपमानांत गेलीं. लस तीच, बाटली तीच, हात मात्र क्षणभर चुकला. विज्ञानानें लस शोधावी, पण ती शेवटच्या माणसाच्या अंगांत जाईपर्यंत वाटेंतला प्रत्येक हात शुद्ध राहिला पाहिजे. तो हात कधीं परिचारिकेचा असतो, कधीं ग्रामपंचायतीच्या शिपायाचा, आणि घरांत तर तो आपलाच असतो.

आतां पुन्हां सिद्धेश्वरला परत येऊं, कारण चांगल्या विरजणाचें सर्वांत मोठें भांडें तेथेंच आहे. तें भांडें म्हणजे जमीन. तुरीचें किंवा हरभऱ्याचें रोप हलक्या हातानें उपटून पाहिलें तर मुळांवर बारीक गांठी दिसतात. अनोळखी माणसाला ती कीड वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना कळून आलें कीं, या गांठी म्हणजे जंतूंच्या वसाहती आहेत. झाड त्यांना साखर पुरवितें आणि ते हवेंतील नत्र झाडाला खातें येईल अशा रूपांत आणून देतात. गांठ कापली आणि ती आंतून गुलाबी निघाली तर ती कामांत आहे असें समजावें. तो रंग ज्या द्रव्याचा आहे तें आपल्या रक्तांतील लाल द्रव्याच्या नात्यांतलें आहे. कडधान्यानंतर ज्वारी चांगली येते, हा शेतकऱ्याचा जुना अनुभव. त्याचें कारण या गांठींत दडलेलें होतें.

मराठवाड्यांत आतां सोयाबीनचा पेरा फार वाढला आहे. सोयाबीन हें येथलें मूळचें पीक नव्हे, त्यामुळें त्याच्या मुळाशीं जमणारे जंतु प्रत्येक जमिनींत पुरेसे असतीलच असें नाहीं. म्हणून पेरणीपूर्वीं बियाण्याला जिवाणूंचें संवर्धन चोळावें लागतें. दहा किलो बियाण्याला पाव किलोचें एक पाकीट, असें साधारण प्रमाण आहे. हें संवर्धन म्हणजे शेताचें विरजणच, आणि त्याला नियमहि विरजणाचेच. पाकीट उन्हांत पडूं द्यावयाचें नाहीं. चोळलेलें बियाणें सावलींत सुकवावयाचें आणि लगेच पेरावयाचें. बुरशीनाशक लावावयाचें असेल तर तें आधीं, संवर्धन नंतर. हे नियम मोडून जो पेरील तो पाकिटाचे पैसे देऊन मेलेलें विरजण शेतांत टाकील.

याच भागांत वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हळदीचा कंद जमिनींत कुजविणारी बुरशी असते. तिला आवर घालणारी ट्रायकोडर्मा नांवाची दुसरी बुरशीहि असते, आणि ती शेतकरी मुद्दाम शेणखतांत मिसळून देतात. एका बुरशीवर दुसरीचा पहारा! उसाच्या मळीपासून मद्यार्क काढतात तेंहि किण्वाच्या सूक्ष्म पेशी साखर खातात म्हणून. गोबर गॅसच्या टाकींत शेणाचा ज्वालाग्राही वायु करणारे जंतूच आहेत. इडली फुगते, पाव हलका होतो, आंबोळीला जाळी पडते, हीं सारीं त्यांचींच कामें. कारखाना आणि स्वयंपाकघर यांत या बाबतींत फरक आहे तो भांड्याच्या आकाराचा.

याचें मोठें उदाहरण पुण्याजवळ पिंपरी येथें घडलें. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या तबकडींत एक बुरशी आगंतुक म्हणून पडलेली दिसली. तिच्या भोंवतालचे जंतु विरघळून गेले होते. त्या बुरशीच्या रसाला त्यांनीं पेनिसिलिन हें नांव दिलें. पण तो रस शुद्ध करून रोग्याला देतां येईल असें औषध फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सिद्ध केलें. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशानें हें औषध स्वतः करावयाचें ठरविलें. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि पुढच्या वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें.

तेथील कामाची रीत ऐका. कुपींत जपून ठेवलेलें बुरशीचें बीज आधीं लहान भांड्यांत वाढवावयाचें, मग मोठ्या टाकींत, मग त्याहून प्रचंड टाकींत. आंत जाणारी हवासुद्धां गाळून घ्यावयाची. कारण पेनिसिलिनचाच नाश करणारे कांहीं जंतु आहेत. त्यांतला एक वंश आंत शिरला तर टाकीच्या टाकी फुकट जाते. आणि याच कारखान्यांतील डॉ. तिरुमलाचार यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पिंपरीच्याच मातींतून मिळालेल्या एका जंतूपासून बुरशीच्या रोगांवर हॅमायसिन हें औषध काढलें. त्या जंतूच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव गोंविलेलें आहे. पायांखालची माती एकीकडे धनुर्वाताचें बीज बाळगते आणि दुसरीकडे औषधाचें. तिला चांगली किंवा वाईट म्हणण्यांत अर्थ नाहीं, तिच्यांत काय आहे तें ओळखण्यांत अर्थ आहे.

पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या जंतूंचा उल्लेख मीं आतांच केला. आजच्या भाषणांतील सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. फ्लेमिंग यांना १९४५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां स्टॉकहोमच्या भाषणांतच त्यांनीं इशारा दिला होता कीं, औषधाची अपुरी मात्रा दिली तर जंतु मरत नाहींत. ते त्या औषधाला न जुमानणारे होतात, आणि तेच पुढें दुसऱ्याला लागतात. हा इशारा आज अक्षरशः खरा झाला आहे. पूर्वीं चार दिवसांत हटणारे कांहीं रोग आतां औषधांना दाद देत नाहींत. क्षयाचे असे रोगी आहेत कीं, ज्यांच्या जंतूंवर नेहमींचीं औषधें चालतच नाहींत.

हें कां घडतें, तें विरजणाच्याच दृष्टान्तानें पाहा. लाखों जंतूंत दोनचार जात्याच चिवट असतात. औषधाची मात्रा उणी पडली कीं दुबळे मरतात आणि मागें उरतात ते हे चिवट. दही संपल्यावर तळाशीं राहिलेल्या चमचाभर विरजणानें पुढचें भांडें लागावें, तसें या उरलेल्यांचें नवें पीक येतें. म्हणजे आपण आपल्याच शरीरांत वाईट विरजण निवडून, पारखून, जपून ठेवतों. ताप उतरला म्हणून आपल्याच मनानें गोळ्या बंद करणें, उरलेल्या गोळ्या शेजारच्या मुलाला देणें, साध्या पडशाला दुकानांतून परस्पर हीं औषधें घेऊन येणें, या सुशिक्षित घरांतूनहि सर्रास घडणाऱ्या चुका आहेत. पडसें विषाणूंपासून होतें, आणि जंतु मारणाऱ्या औषधांचा विषाणूंवर कांहींएक परिणाम होत नाहीं. त्या गोळीनें पडसें जात नाहीं. पोटांतलें चांगलें विरजण मात्र नाहक मरतें.

येथें मी स्वतःचीहि एक कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं घसा धरला असतां डॉक्टरांनीं नेमून दिलेल्या गोळ्या मीं तिसऱ्या दिवशीं बंद केल्या. बरें वाटत होतें, कामाची घाई होती. उरलेल्या गोळ्या कपाटांत ठेवल्या, आणि पुढें घरांत कोणाला ताप आला तेव्हां त्याच काढून दिल्या. तेव्हां याचें कांहींच वाटलें नाहीं. सिद्धेश्वरच्या आजींना विहिरीचें शास्त्र समजावून सांगतांना मात्र तें कपाट मला एकाएकीं आठवलें. त्यांना पाण्यांतलें दिसत नव्हतें, तसें मलाहि गोळीच्या पाकिटांतलें दिसलें नव्हतें.

तेव्हां, श्रोतेहो, शेवटीं घरच्या चार गोष्टी सांगून पुरें करतों. पिण्याच्या पाण्याविषयीं शंका असेल तेव्हां तें चांगलें खळखळून उकळावें, झांकून ठेवावें, आणि त्यांत हात न बुडवितां लांब दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. लेकरांचे हात आपण धुवून द्यावे. जुलाब लागले तर पाणी बंद करूं नये. लिटरभर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तें घोट घोट पाजीत राहावें, आणि रोगी मलूल दिसूं लागला कीं वेळ न दवडतां दवाखाना गांठावा. आणि जंतूंवरचीं औषधें डॉक्टरांनीं सांगितलीं तरच, सांगितलीं तितकीं आणि सांगितले तितके दिवस घ्यावीं. उरलेलीं कपाटांत सांठवूं नयेत, कोणाला देऊं नयेत.

यांतील एकाहि गोष्टीला प्रयोगशाळा लागत नाहीं. विरजणाचें भांडें जी गृहिणी रोज घासून, सुकवून, झांकून ठेवते तिला या शास्त्राचे मूळ नियम आधींच अवगत आहेत. ते दुधाच्या भांड्यापुरते न ठेवतां पाण्याच्या हंड्याला आणि औषधाच्या पुडीला लावले कीं झालें.

सिद्धेश्वरहून निघतांना मी आजींना नमस्कार केला. विहिरीवर रहाट करकरत होता. नातीनें घागर उचलली तशी आजींनीं ओट्यावरूनच हटकलें, "अगं थांब, अर्धा तास व्हायचा हाय अजून!" नात घागर ठेवून पायरीवर बसली, आणि मी गाडीच्या वाटेला लागलों.